पोक्त माणसांचा बोलपट

आपल्या मराठीने माणसाच्या प्रत्येक वयाला काही ना काही दिले आहे. बाळपणाला कौतुक दिले, तारुण्याला गाणी दिली, साठीला 'बुद्धी नाठी' म्हणून थट्टा दिली. मधल्या वयाला तिने काय दिले? एक चष्मा! चाळीस वर्षांचे वय म्हणजेही चाळिशी आणि त्या वयात नाकावर येऊन बसणारा चष्मा म्हणजेही चाळिशीच. या वयाच्या माणसाने तांदूळ निवडावेत, विजेच्या बिलातले बारीक अक्षर वाचावे आणि सुईत दोरा ओवायला पोरांना हाक मारावी; त्याच्या मनातही काही चालत असेल, हे भाषेच्या ध्यानातच आले नाही.

भाषेचे एक वेळ सोडून देऊ. आपल्या चित्रपटानेही फार दिवस हेच केले. म्हणूनच ३० जून २०२३ या दिवशी केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' पडद्यावर आला आणि महाराष्ट्रभर बायकांच्या झुंडीच्या झुंडी, नटूनथटून, नऊवारी नेसून, चित्रपटगृहांकडे लोटल्या, तेव्हा अनेक शहाण्यांना त्याचा उलगडा होईना. त्यात तरुण नायक नाही, खलनायक नाही, खून नाही, मारामारी नाही. एकमेकींपासून दुरावलेल्या सहा बहिणी, त्यांचे संसार, त्यांची जुनी उणीदुणी आणि मंगळागौरीच्या खेळांची एक स्पर्धा, एवढेच काय ते कथानक. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर आणि दीपा परब या सहाजणींनी ते पेलले. लोक म्हणाले, नशीब उघडले. मला तसे वाटत नाही. या गोष्टीला बराच मागचा इतिहास आहे. त्याचा निम्मा भाग पडद्यावर घडला आणि निम्मा आमच्या नवी मुंबईसारख्या शहरांत. हे दोन्ही भाग एकत्र ठेवून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम पडद्याकडे वळू. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या कामाला बाईच मिळाली नाही. ते काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले. १९३२ साली मराठीतला पहिला बोलपट आला तोही हरिश्चंद्राचाच, 'अयोध्येचा राजा'. त्यात मात्र दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. नीट पाहिले तर ही मधल्या वयाच्या संसारी माणसाचीच गोष्ट आहे! हुद्दा गेला, घर गेले, देणे फेडण्यासाठी बायकोला परक्याच्या घरी राबावे लागले. गिरगावातल्या कितीतरी कारकुनांची कहाणी याहून वेगळी नसेल. पण तो राजा होता, ती राणी होती, आणि शेवटी देव धावून आला. कारकुनासाठी देव धावत नाही, म्हणून त्याचा बोलपट निघाला नाही.

पुढे १९३७ साली 'प्रभात'चा 'कुंकू' आला. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामबापूंनी तो काढला. उतारवयाचा विधुर वकील तरुण मुलीशी लग्न करतो आणि ती मुलगी त्याला नवरा मानावयास नकार देते. शांता आपटे यांची ती बाणेदार नीरा सर्वांच्या स्मरणात राहिली, आणि ते योग्यच झाले. मला मात्र केशवराव दाते यांचे काकासाहेब अधिक आठवतात. आरशासमोर उभा राहून आपले वय लपवू पाहणारा, आणि मग आपण काय करून बसलो हे हळूहळू कळत जाणारा माणूस! मधल्या वयाच्या मनाची घालमेल मराठी पडद्यावर इतकी खोलवर यापूर्वी आली नसावी. परंतु तिचा शेवट काय झाला? काकासाहेब नीरेला मोकळी करून स्वतःचा जीव देतात. त्या काळाला त्यांच्यासाठी दुसरी वाट दिसत नव्हती.

विनोदाची वाट निराळी होती. १९४० साली मास्टर विनायकांनी चिं. वि. जोशी यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ 'लग्न पहावे करून'मध्ये पडद्यावर आणले. मध्यमवर्गीय माणूस स्वतःला हसावयास शिकला तो अशा बोलपटांतून. १९५४ साली राजा परांजपे यांनी 'ऊन पाऊस' काढला. त्यात म्हाताऱ्या आईबापांची मुलांमध्ये वाटणी होते. त्यापूर्वी, १९५३ साली, आचार्य अत्रे यांची 'श्यामची आई' आली आणि राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान तिने मिळवला. ही सारी चित्रे मोठी आहेत यात शंका नाही. परंतु त्यांतून एक रिवाज पडून गेला. पडद्यावर बाई एकतर मुलगी असावयाची, नाहीतर आई. मधले स्थानकच नाही! गाडी पुण्याहून सुटावी ती थेट मुंबईला थांबावी, तसे.

या रिवाजाचे सर्वांत बोलके उदाहरण सुलोचनाबाईंचे. १९६८ साली 'एकटी'मध्ये त्यांनी मुलासाठी खस्ता खाणारी आई केली, तेव्हा त्यांचे वय चाळीस. त्यांच्या मुलाच्या कामात होते काशिनाथ घाणेकर, वयाने त्यांच्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान! आम्ही सर्वांनी ते डोळे पुसत पाहिले, आणि त्यात काही वावगे आहे असे कोणाच्या मनातही आले नाही. चाळिशीच्या बाईला स्वतःची अशी गोष्ट असते हेच ठाऊक नव्हते, तर तिला ती कोण देणार?

आता पडद्यावरून जमिनीवर येऊ. १९७० साली राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' आला. लग्न होऊन चाळीत आलेल्या नव्या जोडप्याला दोन घटका एकांत मिळत नाही, ही त्यातली हसवता हसवता बोचणारी गोष्ट. बासू चटर्जी यांनी ती १९७२ साली 'पिया का घर' म्हणून हिंदीत नेली. आणि योगायोग पाहा, त्याच १९७० सालच्या मार्च महिन्यात सिडकोची स्थापना झाली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकातून मांडले होते की मुंबईची दाटी फोडावयाची तर खाडीपलीकडे, मुख्य भूमीवर नवे शहर वसवले पाहिजे. 'मुंबईचा जावई' पाहून हसलेल्या जोडप्यांना जी खोली हवी होती, तिचे उत्तर त्या आराखड्यात होते. १९७३ साली ठाण्याच्या खाडीवर पूल झाला, आणि ही जोडपी एकेक करून पूल ओलांडू लागली.

त्यांच्यातलेच एक आम्ही. १९८७ साली मी लग्न होऊन वाशीला आले. तेव्हा रेल्वे नव्हती. बसने खाडी ओलांडून मानखुर्द नाहीतर चेंबूर गाठावयाचे आणि तेथून लोकल धरावयाची. संध्याकाळी दिवे लागले की सगळ्या खिडक्यांतून एकाच वयाची माणसे दिसत. आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडे होती आणि त्यांत एकही आजी नव्हती. मूल रात्री रडू लागले तर ओवा द्यावा की बडीशेप, हे विचारावयास वडीलधारे कोणी नव्हते. आम्ही एकमेकींनाच विचारीत असू, आणि चौघींचे अज्ञान मिळून एक औषध तयार होई. मंगळागौर पुजावयाची तर सांगणार कोण? सासूबाई दादरला आणि आई नाशकाला. पूजा मी पोथी वाचून केली. खेळ मात्र पोथीतून येत नाहीत. ते राहून गेले.

पण येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. शहर नवे होते, भूमी नवी नव्हती. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्या गावांतून आगरी आणि कोळी माणसे पिढ्यान्‌पिढ्या भात, मीठ आणि मासळीवर जगत आली होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या पुढारपणाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात मोठे आंदोलन झाले, गोळीबार झाला आणि पाच माणसे प्राणास मुकली. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली ती त्या रक्तातून. आमच्या इमारतीत आजी नव्हत्या हे खरे, पण रस्ता ओलांडला की गावठाणात होत्या! तेथे लग्न लागे तेव्हा धवलारीण येई. धवले गाणारी ही पोक्त बाई. तिच्या गाण्याने लग्नाचे विधी पुढे सरकत. मांडवात तिचा शब्द चाले. मासळीची पाटी घेऊन आमच्याकडे येणारी एक मावशी अशीच धवले गाणारी होती. ती एकदा मला म्हणाली, "तुमच्याकडे नवरी मोठी, आमच्याकडे गाणारी मोठी." तिचे बोलणे मी तेव्हा हसण्यावारी नेले, आज हा लेख लिहिताना ते मला सर्वांत उपयोगी पडते आहे.

कारण मंगळागौरीचेही मूळ रूप तसेच होते. लग्नानंतरची पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी नव्या नवरीने गौर पुजावी, सवाष्णींनी जेवावे आणि रात्र खेळून जागवावी, असा तो कुळाचार. नाव नवरीचे. पण रात्री दोन वाजता झिम्मा, फुगडी, पिंगा, गाठोडे, सूप आणि लाटणे यांचा फेर कोण धरून ठेवी? पदे पाठ असत कोणाला? त्या असत चार लेकरांच्या आया, जावा, नणंदा, आत्या. दिवसभर ज्यांच्या डोक्यावरून पदर ढळत नसे, त्या रात्री कंबर बांधून नाचत, सासूची नक्कल करीत, सवतीचे भांडण रंगवीत. नव्या नवरीच्या नावावर पोक्त बायकांनी वर्षातून काही रात्री स्वतःसाठी मिळवलेले ते एक नाटकच होते. पुरुष प्रेक्षक नसलेले नाटक! वाडे गेले, माजघरे गेली, आणि ते नाटक बंद पडले. अकरा बाय दहाच्या दिवाणखान्यात बस-फुगडी घालून पाहावी म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

मधल्या काळात पडदाही स्वस्थ बसला नव्हता. १९८२ साली जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'त स्मिता पाटील घराबाहेर पडली, आणि घराने तिच्यामागे दार लावून घेतले. त्याच वर्षी रिचर्ड अॅटनबरो यांच्या 'गांधी'त आपल्या रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या. १९८४ साली महेश भट्ट यांच्या 'सारांश'मध्ये त्यांनी मुलगा गमावलेली म्हातारी केली. दोन्ही वेळी त्यांची उमर तिशीच्या आसपास. १९८९ साली कांचन नायक यांचा 'कळत नकळत' आला. नवऱ्याचे मन दुसरीकडे गेल्यावर घराचे काय होते, हे त्यात आरडाओरडा न करता सांगितले होते. आणि मग १९९१ साली विजय कोंडके यांची 'माहेरची साडी' आली.

'माहेरची साडी'वर आमच्या पिढीचे शिकलेले लोक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. अलका कुबल यांची ती सोशिक सून पाहावयास गावोगावच्या बायका बैलगाडीतून, टेंपोतून गेल्या. पदर ओला करून परत आल्या. मीही गेले होते, आणि रडलेही. रडण्याला तेव्हा दुसरी जागा नव्हती. पण एक बारकावा ध्यानात घ्यावा. त्या चित्रपटाची तिकिटे घरातल्या पुरुषाने काढून आणली होती. बायको माहेरच्या साडीसाठी रडते आहे, यात त्याला काही धोका वाटत नव्हता.

१९९१ आणि २०२३ यांच्यामध्ये बत्तीस वर्षे आहेत. या बत्तीस वर्षांत काय झाले ते आमच्या शहराकडे पाहून सांगता येते. १९९२ साली महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला आणि त्याच वर्षी मे महिन्यात रेल्वे वाशीला पोहोचली. खाडीपुलावरून गाडी धडधडत गेली आणि आमच्यातल्या कितीतरी जणी त्या गाडीने नोकरीला गेल्या. बायकांच्या डब्यात भाज्या निवडल्या गेल्या, भिशी लागली, डोहाळजेवणे झाली. बायकांच्या नावावर बँकेत खाती आली, घराच्या करारपत्रावर दुसरे नाव म्हणून का होईना, नाव आले. मुले मोठी झाली. कोणी पुण्यास, कोणी परदेशी गेली. १९८७ साली सगळ्या खिडक्यांतून तरुण दिसणारी माणसे आता एकदमच पोक्त झाली होती. जुन्या गावात सर्व वयांची माणसे असतात. वसवलेल्या शहराचे तसे नसते; ते आपल्या माणसांबरोबर म्हातारे होते. रिकामी दुपार, हातात पैसा, फोनवर तिकीट काढण्याची सोय आणि बरोबर जावयास पंधरा मैत्रिणी: असा प्रेक्षक यापूर्वी मराठीत नव्हता. पडद्यावर कोणाची गोष्ट यावी, हे शेवटी तिकीट कोण काढतो त्यावर ठरते.

चित्रपटवाल्यांना याची चाहूल लागतच होती. केदार शिंदे यांनीच २००४ साली 'अगं बाई अरेच्चा!'मध्ये बायकांच्या मनातले ऐकू येणारा पुरुष उभा केला होता. २०१६ साली राजेश मापुसकर यांच्या 'व्हेन्टिलेटर'मध्ये एक आजारी म्हातारा आणि त्याच्याभोवती रुग्णालयात जमलेला सबंध कोकणी गोतावळा दिसला. हसू आणि रडू एकाच बाकावर बसले. २०१८ साली माधुरी दीक्षित पहिल्यांदा मराठीत आली, तीही 'बकेट लिस्ट'मधली मोठ्या मुलांची आई होऊन. आणि १९ नोव्हेंबर २०२१ रोजी, महामारीची टाळेबंदी उठून चित्रपटगृहे नुकती कुठे अर्धी भरू लागली होती तेव्हा, हेमंत ढोमे यांचा 'झिम्मा' आला. निरनिराळ्या वयांच्या सात बायका घरच्यांना मागे ठेवून विलायतेच्या सहलीला निघतात. कथा लंडनची, पण नाव पाहा: मंगळागौरीच्या खेळाचे! दोन वर्षांनी 'बाईपण भारी देवा'ने तर सबंध मंगळागौरच पडद्यावर मांडली. हा निव्वळ योगायोग म्हणावा काय? मला वाटते, बंद पडलेले ते नाटक पुन्हा आपल्या जागी येत होते. माजघर राहिले नव्हते, म्हणून ते चित्रपटगृहात आले.

२०२३ च्या जून महिन्यातच, ४ तारखेला, सुलोचनाबाई गेल्या. चाळिसाव्या वर्षी जिला म्हातारी आई व्हावे लागले ती बाई महिन्याच्या आरंभी गेली. आणि तिशीत ज्यांनी म्हातारीची सोंगे घेतली त्या रोहिणीताई महिनाअखेरीस, सत्तरी ओलांडल्यावर, थोरली बहीण होऊन मंगळागौरीच्या रिंगणात उतरल्या. इतिहास लिहिणाराला असा महिना क्वचित सापडतो.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. त्यामुळे मंगळागौरीच्या तालमींना बायकांना महिनाभर जास्तीची सवड मिळाली. आमच्या इमारतीच्या वाहनतळावर रात्री जेवणे आटोपून तालमी सुरू झाल्या. बेलापूरला कोरिया यांनी बांधलेल्या 'आर्टिस्ट व्हिलेज'मध्ये सात-सात घरे एकेका अंगणाभोवती बसवली आहेत. तसे अंगण आम्हांला नाही, म्हणून मोटारी बाहेर काढून आम्ही ते तयार केले. तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई रोज खाली येत आणि खांबाला टेकून उभ्या राहत. त्यांचे यजमान २०१५ साली गेले. त्या आधी फुगडी घालावी तर यांनीच! पण तेव्हापासून हळदीकुंकवाला त्या आपण होऊन दाराशी थांबू लागल्या. कोणी थांबा म्हटले नव्हते; कोणी आत या असेही म्हटले नव्हते. पाचव्या की सहाव्या रात्री आमच्यातल्या केरळी शेजारणीला पिंगा काही केल्या जमेना. गुडघा कधी वाकवावा ते कळत नव्हते. या बाई खांबापाशून ओरडल्या, "अगं, आधी मान, मग गुडघा!" आणि दाखवावयास म्हणून रिंगणात आल्या, त्या परत खांबाकडे गेल्याच नाहीत. यावर कोणी भाषण केले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना साडीचा रंग कळवला, इतकेच.

मंगळागौर हा सवाष्णींचा, त्यातही ठरावीक घरांतला आचार होता; हे विसरून त्याचे नुसते गोडवे गाणे बरे नव्हे. ज्या रात्री काहीजणी मोकळेपणी नाचल्या, त्याच रात्री काहीजणी बंद दाराआड बसून ते ऐकत होत्या. नव्या खेळांतही खोट आहेच. स्पर्धा आली की परीक्षक आले, ध्वनिक्षेपक आला, एकसारख्या पैठण्या आल्या. रात्र जागवणारा खेळ दहा मिनिटांत बसवावा लागतो. चित्रपटालाही सहा संसारांच्या गाठी अडीच तासांत सोडवण्याची घाई असते. खऱ्या बहिणींचे अबोले इतक्यात मिटत नाहीत. आमच्याच जिन्यात वडिलांच्या घराच्या वाटणीवरून दहा वर्षे न बोलणाऱ्या दोन बहिणी आहेत. चित्रपट दोघींनी पाहिला, निरनिराळ्या खेळांना! तरीही, वाहनतळावर खांबापासून रिंगणापर्यंत जे दहा पावलांचे अंतर एका बाईने तोडले, ते तोडावयास आठ वर्षे लागली होती, आणि निमित्त एका बोलपटाचे झाले. एवढे मला पुरे आहे.

आता राहता राहिले पुरुष. आमच्या तालमी चालत तेव्हा आमचे पोक्त यजमान कट्ट्यावर ओळीने बसून फोनमध्ये डोके घालून असत. २००९ साली 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय'मधल्या दिनकर भोसले नावाच्या बँकेतल्या माणसाने त्यांना घटकाभर ताठ उभे केले होते. पण त्यासाठी साक्षात महाराजांना खाली यावे लागले. निवृत्ती, मधुमेह, दूर गेलेली मुले आणि न बोललेले मित्र यांची त्यांची म्हणून जी गोष्ट आहे, तिचा बोलपट अजून व्हावयाचा आहे. त्यांना फुगडी येत नाही, हीच मोठी अडचण! तोवर या दिवाळीत एवढे करावे: चकलीचा सोऱ्या त्यांच्या हाती द्यावा, समोर बसवावे आणि विचारावे, "हं, सांगा, काय चाललंय मनात?" पीठ संपेपर्यंत काहीतरी बोलतीलच.